तुळशीतली वाळू

"जिथली वाळू तिथेच नेऊन सोडायची, उत्तरे. एक कण मागे ठेवायचा नाही. देवाला पाहुणा म्हणून बोलावलंय, घरजावई करून नाही ठेवायचं."

गोदूआत्या हे दर हरतालिकेला सांगायची आणि सांगताना पत्रीतली आघाड्याची काडी उत्तराच्या नाकासमोर नाचवायची. कल्याणला पारनाक्याजवळ दोन खोल्यांत एकटी राहणारी ही आत्या म्हणजे उत्तराची व्रतांची शाळा. तिच्याकडूनच उत्तराने अळणी सोमवार उचलले, चतुर्थी उचलली, आणि सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय आपल्या तोंडात थेंबही घ्यायचा नाही, हा नेम उचलला. आत्या जाऊन दोन वर्षं झाली. तिची लुगडी आईने कुणाकुणाला देऊन टाकली. नेम मात्र उत्तराकडे राहिले.

आणि अठ्ठ्याऐंशी सालच्या भाद्रपदात आत्याने सांगितलेली नेमकी हीच गोष्ट तिच्याकडून राहून गेली. कशी, ते आधी सांगायला हवं.

हरतालिकेच्या सकाळी ती मंजुळाबरोबर रेतीबंदरावर वाळू आणायला गेली. मंजुळा चाळीतलीच, मराठी टायपिंगच्या क्लासातली जोडीदारीण, तोंडाला अजिबात कुलूप नसलेली. डोंबिवली पश्चिमेला वस्ती संपून खाडी लागते तिथे रेती काढणाऱ्यांच्या होड्या असायच्या. पोरं काठी धरून खाडीच्या तळाशी बुडी मारायची, लोखंडी बादली रेतीने भरायची, आणि होडीतले लोक ती दोराने वर ओढायचे. एरवी तिथे नुसता आरडाओरडा. त्या दिवशी होड्या पाण्यात होत्या, पण रेती कुणीच काढत नव्हतं. माणसं लांब बांबूंनी पाणी ढवळत होती. काठावर बायका उकिडव्या बसल्या होत्या आणि एकही बोलत नव्हती.

"काल दुपारी एक पोरगा खाली गेला तो वर आलाच नाही म्हणे," मंजुळाने कुणाकडून तरी ऐकून आणलं. "चल गं, पटकन घे नि निघू. मला कसंतरीच होतंय."

उत्तरा घुटमळली. रेतीचे मोठे ढीग होते, पण सगळे ट्रकच्या चाकांखाली तुडवलेले. देवाला तसली कशी न्यायची? लाल टोपी घातलेला एक म्हातारा कोळी जाळ्याच्या गुंडाळीवर बसला होता. त्याने तिच्या हातातला पितळी डबा पाहिला.

"पूजेला पायजे ना? ती बाजूची ने, बाय. तिला कुनी हात लावत नाय."

बाजूला, उलट्या टाकलेल्या होडीच्या सावलीत, वाळूचा एवढासा ढीग होता. एका बादलीचा असेल. ओला, करडा, वर एकही पाऊल नाही. कुणी हात लावत नाही म्हणजे सोवळी, एवढाच अर्थ उत्तराच्या डोक्यात आला. का लावत नाही, हे विचारायचं सुचलंच नाही. तिने डबा काठोकाठ भरून घेतला.

त्या वाळूची पिंड तिने केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, सोळा प्रकारची पत्री वाहिली आणि आत्याने शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून मनासारखा वर मागितला. मनात कुणाचाच चेहरा नव्हता. दिवसभर वाळू सुकली नाही, याचं तिला जरा नवल वाटलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी. बाहेर पाऊस कोसळत होता, घरात मूर्ती यायची होती, पुरणाचा कट गॅसवर होता. उत्तरा डबा घेऊन दाराशी पोचली तशी आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "खाडीवर? आज? तिथे पोर गेलंय परवा, पाण्याला ओढ किती आहे! काही नको. तुळशीत घाल ती वाळू."

"पण आत्या म्हणायची..."

"आत्या कल्याणला राहायची, तिला खाडी घराला लागून होती. तुळस काय देवाला परकी आहे का?"

तुळस परकी नव्हती. म्हणूनच उत्तरा डबा घेऊन मागे फिरली. गॅलरीतल्या सिमेंटच्या कुंडीत, तुळशीच्या बुंध्याशी, तिने वाळू हलक्या हाताने पसरली, नमस्कार केला आणि मोदकांच्या उकडीकडे वळली. मनाला मात्र काहीतरी टोचत राहिलं, चप्पल काढल्यावरही टाचेत राहिलेल्या खड्यासारखं.

दीड दिवसाचे गणपती गेले. तिसऱ्या सकाळी उत्तरा न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून, तुळशीपाशी आली. श्लोक म्हणत तिने तांब्या कलंडवला. पाणी वाळूत जिरलं. आणि तिच्या डाव्या हाताला कुणीतरी खणखणीत शिंकलं.

गॅलरीच्या कठड्याला टेकून एक मुलगा बसला होता. वीस-एकवीसचा. अंगात खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर शिंपल्यांचा चुरा, केसांतून पाणी ठिबकतंय.

"किती हलद घातलीस गं त्या वालूत! नाकात गेली ना सगली."

उत्तरा किंचाळली नाही. पुढे तिलाच याचं नवल वाटायचं. पहिला विचार मनात आला तो हा, की श्लोक अर्ध्यावर राहिला.

"कोण तुम्ही? वर कसे आलात?"

"दामाजी. मोठागावचा, मनुबाईचा पोरगा. आणि तुमी काय म्हनतेस? नवरा मागितलास ना तू? त्याच वालूत मी होतो. मागून झाल्यावर तुमी-आमी कसलं?"

"मी तुला नाही मागितलं!"

"मग कुनाला मागितलास?"

तो हसला. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. ऊन कठड्यावरून खाली उतरलं, कुंडीतली वाळू वरून सुकत आली, तसतसा तो विरत गेला. आधी पाय, मग खांदे, शेवटी ते दात. फरशीवर ओला डाग राहिला. तिने तो बोटाने पुसला आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून चाळभर नजर फिरवली. खाली नळावर बायका नेहमीसारख्या भांडत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाणी घातलं. तो आला. तिसऱ्या दिवशी आला. वाळू ओली असेपर्यंत तो असायचा, सुकली की जायचा. तिच्याखेरीज तो कुणालाच दिसत नव्हता. बाबा एकदा त्याच्यातूनच हात घालून वाळत टाकलेला टॉवेल घेऊन गेले.

"सासरे चांगले हाईत," दामाजी म्हणाला.

"गप्प बस."

"आमच्यात नवरा मागायला उपास नाय करावा लागत. तो आपोआप येतो, जेवायला काय हाय विचारत."

तिला हसू आलं. देवाचं पाणी हातात असताना हसू येतंय म्हणून अपराध्यासारखंही वाटलं.

हळूहळू त्याने सगळं सांगितलं. खाली तळाशी काहीच दिसत नाही. हातच डोळे. कानात सनई वाजल्यासारखं होतं. वर येताना आधी काळं, मग तपकिरी, मग हिरवं, आणि हिरवं दिसलं की समजायचं, आता श्वास मिळणार.

"त्या दिवशी बादली भरली, दोर हलवला. बादली वर गेली. मी तिच्या मागून निघालो. तपकिरी दिसलं. हिरवं काय दिसलंच नाय."

उत्तराच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"ती बादली..."

"तीच. शेवटची. बुडालेल्याच्या हातची रेती कुनी गाडीत भरत नाय. बाकीची भरतीनं परत नेली. तुज्या डब्यातली तेवढी रायली." तो कुंडीकडे बघत होता. "म्हनून मी असा. तिकडं सगला जाऊ शकत नाय, इकडं सगला येऊ शकत नाय. पायाखाली तल लागत नाय गं. सारखं वाटतं, कुठंतरी निघायचं हाय."

खरंच तो एका जागी टिकत नसे. तीन पावलांची ती गॅलरी. या टोकाला जाई, त्या टोकाला येई, बसे, लगेच उठे.

"मना परत ने," तो म्हणाला. "आयस माजी रोज बंदरावर बसते. माजं काय हाताशी आल्याबिगर दहावं-तेरावं करू देत नाय कुनाला. वालू खाडीत गेली की मी सुटंन, आनि तीपन."

"नेईन," उत्तरा म्हणाली. तिने तुळशीच्या पानाला बोट लावलं. "सर्वपित्रीच्या आत नेईन. शब्द दिला."

तेव्हा अमावास्येला तीन आठवडे होते. तीन आठवडे म्हणजे पुष्कळ, असं तिला वाटलं. हेही वाटलं, की उद्या नको. उद्या सोमवार.

मग मंगळवार आला, मग बुध. रोज ती "उद्या" म्हणायची आणि रोज तांब्या भरायची. तो विचारायचा नाही. तो टायपिंगबद्दल विचारायचा. ती कठड्यावर बोटं नाचवून दाखवायची, की इथे क, इथे त, न बघता मारायचं.

"म्हंजे तुमचापन हातच डोले," तो म्हणायचा. "माजं नाव मारून आन की एकदा."

एकदा मारायचं ते तिने पानभर मारलं. क्लासमधून येताना मंजुळाने वहीतून ते पान ओढलं.

"दामाजी, दामाजी, दामाजी... अगं बाई! कोण गं हा?"

"संत होते. पंढरपूरजवळचे. भलतंसलतं बोलू नकोस."

"हो का? मग संतांचं नाव मारताना कान का लाल झाले तुझे? आणि काय गं, हल्ली तुळशीला पाणी घालतेस की बाळंतिणीसारखी न्हाऊ घालतेस? आमच्या खिडकीतून सगळं दिसतं. सकाळी घालतेस, दहाला घालतेस, क्लासहून आल्यावर घालतेस."

"ऊन किती पडलंय बघ ना."

ऊन पडलं होतं, ते खरंच. पाऊस गेला आणि पितृपक्षात ऑक्टोबरचा चटका सुरू झाला. कुंडी तासाभरात सुकायची. तांब्यांवर तांबे घालूनही तो आता पूर्वीसारखा ठसठशीत दिसेना. पाण्याखालून बघावा तसा हलायचा. नळाला पाणी सकाळी जेमतेम पाऊण तास. उत्तरा पिण्याचं घालू लागली, मग डाळ-तांदळाचं धुवण. जेवताना अर्ध्यावरून उठायची, क्लासमध्ये बोटं चुकायची, जप करताना मणी मागेपुढे व्हायचे. कान सतत गॅलरीकडे.

"माझी आंघोळ निम्म्या बादलीत," बाबा म्हणाले, "आणि ही पोरगी गॅलरीत धरण बांधतेय."

"तुळशीला कुणाची तरी दृष्ट लागली आहे," आई म्हणाली. "पानं बघा कशी पिवळी पडलीत. कडा करपल्यात."

उत्तराने पाहिलं होतं. ती खाडीची वाळू होती, खारी. जितकं पाणी घालावं तितका खार मुळाशी उतरत होता. जिच्यात पाणी घातल्याशिवाय आपण पाणी पीत नाही, तिला आपणच रोज मारतोय, हे तिला कळत होतं. कळूनही हात थांबत नव्हता.

एका सोमवारी तो कठड्याला हात टेकून खाडीच्या दिशेला बघत होता. वाळू सुकली, तो गेला, सिमेंटवर पंजाची ओली खूण राहिली. उत्तराने तिच्यावर आपला हात ठेवला. गार होती. किती वेळ ठेवला कोण जाणे. मग केस मागे सारताना तोच हात ओठांना लागला आणि जिभेवर मीठ आलं.

तिचा सोमवार अळणी असायचा. नऊ वर्षांत कधी मोडला नव्हता. देवघरासमोर बसून क्षमा मागावी म्हणून ती उठली, आणि मागता येईना. कारण वाईट वाटलंच नव्हतं. त्याची तिला मोडलेल्या सोमवारापेक्षा जास्त भीती वाटली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी उत्तरा न्हाऊन तुळशीला पाणी घालायला निघाली तोच जिन्यात जड पावलं वाजली. आई शेजारच्या बिल्डिंगमध्ये श्राद्धाच्या स्वयंपाकाला मदतीला गेली होती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज आला, "मावशी, आज काही नको हो. पितृपक्ष आहे, मासळी नाही घेत कुणी."

"मासली नाय आनली बाय. पाटी कुठं हाय माज्याकडं?"

पाटीशिवाय एक कोळीण वर आली. उंच, हाडं वर आलेली, कपाळावरचं कुंकू पुसट. उत्तराच्या दारात ती दम खात उभी राहिली.

"हरतालकेला बंदरावरनं वालू तू आनलीस काय गं? पितलच्या डब्यात? लाल टोपीचा सखाराम म्हातारा म्हनला, दोन पोरी होत्या. मी पंधरा दिस घरं हुडकतंय. मी मनुबाई. माजा पोरगा गेला त्याच्या आदल्या दिशी."

उत्तरा दारातून बाजूला झाली.

"बस ना... बसा, मावशी."

"बसत नाय. इतकंच सांग, त्या वालूत काय घावलं का तुला? नारली पुनवेला मीच त्याच्या हाताला काला दोरा बांधला होता, एक कवडी ओवून. तेवढं जरी घावलं तरी मी म्हनंन, हा माजा दामू. उद्या भावकी गवताचा पुतला करून त्याला आगीन देनार. मी म्हनलं, माजा पोरगा काय गवताचा नव्हता." ती थांबली. "मी भात सोडलाय. त्याचं काय हाताशी येईल तवाच भात खाईन. तुमच्यातपन करतात ना असे नेम?"

"करतात," उत्तरा म्हणाली.

"मग? ती वालू?"

कुंडी तीन हातांवर होती. उत्तराने एकदा तिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, न्हाऊन, ओल्या केसांनी, अजून पाणी न प्यालेल्या तोंडाने ती खोटं बोलली.

"सोडली मी खाडीत. दुसऱ्याच दिवशी. काही नव्हतं तिच्यात."

मनुबाईने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. "बरा केलास. देवाची वालू घरात ठेवू नये. जरा पानी दे बाय, मग जातंय."

उत्तराने तांब्या आणून दिला. मनुबाई वरून प्याली, अर्धा प्याली, आणि उरलेलं पाणी कुठे टाकावं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. समोर तुळस. कुठलीही बाई करेल तेच तिने केलं. चप्पल काढली, हात जोडले आणि तांब्या तुळशीत रिकामा केला.

तो आला. इतका स्पष्ट, की उत्तराला त्याच्या पापण्यांवरचं पाणी दिसलं. त्याने उत्तराकडे पाहिलंच नाही. तो आईच्या पायाशी बसला, लहान मुलासारखा, आणि डोकं तिच्या गुडघ्याला लावलं. मनुबाईने खाली पाहिलं. लुगड्याला ओल आली होती.

"पानी सांडला वाटतं," ती पुटपुटली, आणि पदर हातात घेऊन पिळला. चार थेंब फरशीवर पडले. मग ती चप्पल घालून जिना उतरून गेली.

खाली तिच्या पावलांचा आवाज संपला.

"रागाव ना," उत्तरा म्हणाली. "मी खोटं बोलले. बोल काहीतरी."

"आयस बारीक झाली," दामाजी म्हणाला.

एवढंच. आणि वाळू अजून चांगली ओली असताना, पहिल्यांदाच, तो आपण होऊन गेला.

त्या दिवशी उत्तराने कुंडीत आणखी पाणी घातलं नाही. ताटावर बसली आणि भात समोर आला तसा हात मागे घेतला. "पोटात दुखतंय," म्हणाली. एका बाईचा नेम तिने आपल्या नेमाखाली दाबून ठेवला होता. आपण तीन आठवडे जे करत होतो त्याला व्रत म्हणत नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. आत्याने आधीच सांगून ठेवलं होतं, घरजावई म्हणून.

सर्वपित्रीला उजाडताच ती गॅलरीत आली. बाबांची जुनी वर्तमानपत्रं अंथरली, घमेलं घेतलं, आणि कालथ्याने कुंडीची माती कडेकडेने मोकळी केली. तुळस मुळांसकट उचलून आली. करडी वाळू मुळांना चिकटून बसली होती. तिने ती बोटांनी सोडवायला घेतली, बाळाच्या केसांतला गुंता सोडवावा तशी. आणि मधोमध, मुळांनीच विळखा घातल्यासारखा, काळा दोरा लागला. त्याला एक कवडी.

पूजेला हात फिरवताना, पिंड करताना, पसरताना, इतक्यांदा ही वाळू तिच्या हातांखालून गेली होती. तेव्हा दोरा लागला नव्हता. की हातांना बघायचं नव्हतं?

तिने तो मनगटाला गुंडाळून पाहिला. सैल झाला. त्याचं मनगट जाड असणार. देवघरातल्या लाकडी पेटीत, आत्याच्या रुद्राक्षांखाली हा ठेवला, तर जन्मात कुणाला कळणार नाही. वाळू परत केली म्हणजे शब्द पुरा झाला. दोऱ्याचं कुठे बोलणं झालं होतं?

ती तशीच बसून राहिली. खाली नळाला पाणी आल्याची गडबड सुरू झाली, कुणाची तरी बादली आपटली. मग तिने दोरा सोडवला, रुमालात बांधला आणि रुमाल कमरेला खोचला.

मुळं धुवायला हवी होती. तिने तांब्या घेतला आणि घमेल्यावर तुळस धरून धार सोडली. वाळूचं पाणी खाली पडू लागलं. तो येणार हे तिला ठाऊक होतं, तरी मान वर करायला वेळ लागला.

तो समोर मांडी घालून बसला होता. आज येरझारा नव्हत्या.

"सगली घेतलीस?"

"एक कण मागे ठेवायचा नाही."

"आनि एक ठेवलास तर?" तो हसत होता, पण विचारत होता.

उत्तराने तुळस बाजूला ठेवली. "तर तू एका कणाएवढा येशील. शिंकायला सुद्धा पुरणार नाहीस."

"मग नको. शिंक आली पायजे."

तिने पाण्याबरोबर खाली बसलेली वाळू डब्यात भरली, वर्तमानपत्रं झटकली, कुंडी पुसली, टाचणीने नखांतले कण काढले. तो बघत होता. सगळं झालंसं वाटून तिने डब्याचं झाकण हातात घेतलं.

"थांब," तो म्हणाला. त्याचा हात पुढे आला आणि तिच्या गालापासून बोटभर अंतरावर थांबला. गार वाटलं. "कानामागं एक हाय."

तिने चाचपलं. खरंच होता. एकच, बारीक, टोचणारा. केस मागे सारताना कधी लागला होता कोण जाणे. तो तिने बोटाच्या टोकावर घेतला आणि उन्हात धरला. चमकला. दामाजीने ऐकावं असं काहीतरी तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते न बोलता तिने बोट डब्यात झटकलं आणि झाकण लावलं. वर पाहिलं तेव्हा समोर फक्त ओली फरशी होती.

तुळस तिने नव्या लाल मातीत लावली, बुंध्याशी दाबली, आणि श्लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत तिला पाणी घातलं. कुणी आलं नाही. करपलेल्या पानांच्या खाली, काडीच्या बेचक्यात, दोन हिरवे ठिपके होते.

डबा काखेला लावून ती दाराशी आली तेव्हा आई पितरांच्या पानासाठी गवार मोडत होती.

"सकाळी सकाळी कुठे गं? निदान पाणी तरी पिऊन जा. झालं ना तुळशीला घालून?"

"ते झालं," उत्तरा म्हणाली. "एक राहिलंय. वाळू सोडून येते. आणि मोठागावात एका घरी जायचंय. त्यांच्याकडे आज भात करायला सांगायचाय."

आईने शेंग हातात तशीच धरून तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि शेंग मोडली.

उत्तराने कमरेचा रुमाल एकदा चाचपला, दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागली.